मुक्कामाचा रकाना

"आबा, ह्यात एक रकानाच नाही," वैजू म्हणाली.

"असंल की. नीट बघ," हे म्हणाले.

मे महिन्यातली रविवारची दुपार होती. आमच्या गडहिंग्लजच्या घरात, पुढच्या सोप्यात जगाचा नकाशा पसरला होता आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्याच्या चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले होते. हळदीचा डबा ऑस्ट्रेलियाच्या बोडक्यावर बसला होता. हे नकाशाच्या कडेला मांडी घालून बसले होते, मी एका नवरीच्या ब्लाऊजला हुक लावत होते, आणि कोल्हापूरच्या एका पतसंस्थेत नोकरी करणारी आमची लेक वैजू ह्यांची प्रवासाच्या हिशोबाची वही तपासायला मुद्दाम आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विमानाच्या तिकिटांचे पैसे भरायचे होते. एकदा भरले की परत मिळणार नव्हते.

"मुक्कामाचा रकाना कुठाय?" वैजूनं पुन्हा विचारलं.

"लिवलाय की. इस्तंबूल, मुक्काम अकरा. लिस्बन, मुक्काम नऊ."

"ते किती रात्री राहायचं ते झालं. राहायचे पैसे कुठायत?"

तिनं श्वास घ्यायला किती पैसे लागतील असं विचारल्यासारखे हे तिच्याकडे बघत राहिले.

"मुक्कामाचं कसलं पैसं?" हे म्हणाले.

आता ह्यांचं नाव घ्यायचं तर महिपती चौगुले, एसटीत कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. तेहतीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातली निम्म्याहून जास्त मुक्कामी गाडीवर. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी स्टँडवरून सुटायची, डोंगरातल्या शेवटच्या गावाला पोचायची, रात्रभर तिथेच थांबायची आणि सकाळी सहाला तिथल्या माणसांना घेऊन परत यायची. ड्रायव्हर-कंडक्टरनं त्या गावात झोपायचं. जेवण गावाचं, पांघरूण गावाचं. ह्या कामाला बाकीचे नाकं मुरडायचे. हे मात्र आपण होऊन हात वर करायचे. मोरकोंडची गाडी तर ह्यांनी एकोणीस वर्षं सोडली नाही.

मी ते मोरकोंड कधी बघितलं नव्हतं, पण त्याचं नाव निघालं तरी माझं डोकं फिरायचं. पोरीला ताप आला की हे मोरकोंडला. छपरातून पाणी गळायला लागलं की हे मोरकोंडला. संध्याकाळचे पाच वाजले की गडी डबा न घेता, हात हलवत घराबाहेर. न बघितलेली सवतच होती माझी ती.

त्यात ह्यांची निवृत्ती झाली. मी म्हटलं, चला, आता तरी नवरा घरात दिसेल. मुक्काम सुटला, पण स्टँड सुटला नाही. पाच वाजले की ह्यांचे पाय आपोआप तिकडे वळायचे. सव्वापाचची गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहायचे आणि मग तिथेच चहा पीत आठ वाजवायचे.

त्याच वर्षी रस्ता रुंद करायला आमची कडेची जमीन गेली आणि वीस लाख रुपये आले. वैजू म्हणाली, बारा दिवसांच्या सहली असतात, जाऊन या. ह्यांनी मला विचारलं, "तुला कुठं जायाचंय?" मी रागातच होते. म्हटलं, "जितं तुमी पाच वाजले म्हणून उठून जाणार न्हाई तितं."

तिसऱ्या दिवशी ह्यांनी कुणीतरी गाडीत विसरलेला आणि वर्षभरात कुणी मागायला न आलेला एक नकाशा माळ्यावरून काढला आणि म्हणाले, "हितनं निघायचं आन् मागच्या अंगानं परत याचं. सगळी पृथ्वी. वरीसभर."

"वरीस का?" मी विचारलं.

"बारा दिवसात गाडी नुसती गरम हुती," हे म्हणाले.

खरं सांगते, मला जग बघायची काही फार हौस नव्हती. मला सलग तीनशे पासष्ट रात्री नवरा हवा होता. साठीला टेकलेल्या बाईनं असं बोलू नये म्हणतात, पण मी बोलते.

तेव्हापासून तीन महिने ह्यांनी ती वही केली. कंडक्टर रोजचा हिशोब ज्या कागदावर भरतो त्याला वेबिल म्हणतात. ह्यांनी अख्ख्या जगाचं वेबिल आखलं. डावीकडे थांबे, उजवीकडे पैसे. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ. वाटेत चहाला थांबा असेल तर तोही. जपानात ज्येष्ठांना हाफ तिकीट असतं का हे विचारायला ह्यांनी वैजूला ऐन मार्चअखेरीला फोन केला होता. विमानं, आगगाड्या, बस मिळून साडेआठ लाख. व्हिसा आणि विमा सव्वादोन. जेवण पाच लाख, कारण तांदूळ-डाळ घेऊन मीच रांधणार होते. कपडे, औषधं, किरकोळ एक लाख. वर, गाडी फेल गेली तर म्हणून स्पेअर दोन लाख. ते माझ्या सांगण्यावरून. ब्लाऊज बेतताना मी आत दोन बोटं कापड जास्त सोडते, मग अंग भरलं तरी उसवून वाढवता येतं. पैशाचंही तसंच ठेवा म्हटलं. सगळं धरून पावणेएकोणीस. उरलेले सव्वा लाख परत आल्यावर तेलामिठाला. बेत इतका चोख बसला होता, की हे वही उशाशी घेऊन झोपायचे.

आणि त्या वहीत झोपायचे पैसेच नव्हते.

वैजू आधी हसली. मग तिनं मोबाइल काढला. "स्वस्तातली स्वस्त खोली अडीच हजार धरली तरी," ती म्हणाली आणि तिचं हसू गेलं, "नऊ लाख बारा हजार पाचशे."

तेहतीस वर्षांत ह्यांच्या बॅगेत एक रुपया कमी भरला नव्हता. त्याचा ह्यांना किती अभिमान होता ते मला माहीत होतं. हे उठले. एकेक डबा उचलून बाजूला ठेवला, नकाशा गुंडाळला आणि म्हणाले, "बारा दिसांचीच सहल बरी. वैजू, त्येचं बघ काय ते."

मी हातातला ब्लाऊज खाली ठेवला. माझं वरीस माझ्या डोळ्यांसमोर गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं होतं. राग ह्यांचा आला, वैजूचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो मोरकोंडचा. त्या गावानंच ह्यांना असली सवय लावली होती.

"किती वाजले?" मी विचारलं.

"साडेचार."

"सव्वापाचच्या गाडीनं मोरकोंडला जायाचं. मी पण येणार."

"आज? कशाला?"

"अंगावर खाकी न्हाई, खांद्याला बॅग न्हाई, आन् कुणाला फोन करायचा न्हाई. तितं तुमास्नी कुणी 'या, जेवा' म्हटलं तर मुक्कामाला पैसं लागत न्हाईत, वही बरोबर. वैजू उद्या इमानाचं पैसं भरंल. न्हाई म्हटलं तर बारा दिवस."

"आई," वैजू म्हणाली, "मोरकोंड आणि इस्तंबूल एकच आहे का?"

"त्येच बघायला चाललोय."

खरं तर मी तेव्हा काय मागत होते ते मलाच धड कळत नव्हतं. मोरकोंडनं ह्यांना दारातसुद्धा उभं करू नये, म्हणजे ज्या गावासाठी बायको एकटी टाकली ते गाव कसं आहे ते ह्यांना कळेल, असं वाटत होतं. आणि माझं वरीसही मला हवं होतं. दोन्ही एकदम होण्यासारखं नव्हतं.

गाडीत आम्ही शेजारी बसलो. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण एसटीत ह्यांच्या शेजारी बसायची माझी ती पहिलीच वेळ. एरवी मी बसायची आणि हे दांडीला टेकून तिकिटं फाडायचे. कंडक्टर एक तरुण पोरगी होती, त्याच दिवशी ह्या डेपोत नव्यानं आलेली, ह्यांना ओळखत नव्हती. तिनं तिकिटं दिली, ह्यांनी ती उलटीसुलटी करून तपासली. प्रत्येक थांब्याला हे अर्धवट उठायचे.

"काका, बसा की. मी हाय न्हवं?" ती शेवटी म्हणाली.

"मागचं दार लागलं न्हाई," हे म्हणाले. आणि ते खरंच लागलं नव्हतं.

आजऱ्याच्या पुढे घाट चढायला लागला. दोन्ही बाजूंनी फणस लगडले होते आणि गाडीत त्यांचा वास भरला होता. हे मला एकेक वळण दाखवत होते. इथं एकदा दरड आली होती. इथं एका बाईला कळा लागल्या आणि गाडी तशीच मागं फिरवली. मी हूं हूं करत होते, पण ह्यांचे हात बघत होते. रिकामे हात मांडीवर सारखे हलत होते.

सात वाजता, उजेड असतानाच, मोरकोंड आलं. चौदा घरं, एक पार, पारापुढे गाडी वळवायला केलेलं मैदान. बस्स. ह्याच्यासाठी मी एकोणीस वर्षं जळत होते.

माणसं उतरली, पिशव्या उतरल्या. आम्ही पाराजवळ उभे राहिलो. एक माणूस आमच्याजवळून गेला. दुसरा गेला. खाकीशिवाय ह्यांना कुणी ओळखलं नाही. डोक्यावर फणस घेतलेला एक तरुण थांबला आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "पाव्हणं, कुणाकडं?"

ह्यांचा चेहरा पडला. "कुणाकडं न्हाई, असंच," एवढंच म्हणाले.

मी जिंकले होते. आणि मला इतकं वाईट वाटलं, की त्या फणसवाल्याला चांगलं फैलावर घ्यावं असं मनात आलं. ह्याच गावच्या पोरांना पहिल्या दिवशी शाळेला पोचवलं होतं ह्यांनी.

तेवढ्यात पहिल्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. वाकलेली, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. तो तांब्या काय आहे हे मला ह्यांच्याकडून ऐकून ठाऊक होतं. मुक्कामी गाडीच्या माणसांना जेवू घालायची मोरकोंडात पाळी असते. ज्या घरात तो तांब्या, त्या घरात त्या दिवशीचं जेवण. सकाळी गाडी गेली की तांब्या पुढच्या घरी जातो. म्हातारी तांब्या घेऊन गाडीकडे, त्या कंडक्टर पोरीकडे निघाली होती. आमच्यापाशी येऊन थांबली. डोळे बारीक करून ह्यांच्याकडे बघितलं.

"मास्तर?"

"व्हय, गौराक्का."

मला वाटलं, आता ही ह्यांच्या गळ्यात पडून रडते. तर तिनं ह्यांना हातानं बाजूला सारलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हंजे तू शालन," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"घरात चल. भिऊ नकोस, पाल न्हाई. सकाळीच समदं झाडून काढलंय."

पालीला मी भिते हे माझ्या सख्ख्या जावेलाही माहीत नव्हतं.

ती मला हाताला धरून घेऊन गेली. पाठोपाठ बायका जमल्या. पाच मिनिटांत सोपा भरला. शालन आली, शालन आली म्हणत एकेक जण येत होती आणि माझ्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होती.

"टाचंचं दुखणं बरं हाय का आता?" एकीनं विचारलं.

"हिला वांगं वाढू नगा, खात न्हाई," दुसरी आतून ओरडली.

"पोरीचा शाळंचा झगा पडद्याचा शिवलावता म्हणं तू. कुणाला पत्ता लागला न्हाई."

"आन् भांडण झालं की शिलाई मशीन रिकामीच पळवतीस. खरं काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. चौदा घरांच्या त्या गावात माझं एकही गुपित शिल्लक नव्हतं. माझ्या हाताची पुरणपोळी कुणी खाल्ली नव्हती, पण ती फाटत नाही हे सगळ्यांना पाठ होतं. ज्या रात्री मी गडहिंग्लजला एकटी पडून ह्यांच्या नावानं बोटं मोडली, त्या रात्री इथं माझीच गोष्ट चालली होती. मला टाकून गेला असं मी ज्याला म्हणत होते, तो गडी मला बरोबर घेऊन येत होता. हे मला सांगायचं मात्र एकदाही सुचलं नव्हतं त्याला.

हे कुठे दिसेनात. दारातून बघितलं, तर गाडीच्या टपावर उद्याच्या बाजाराचे फणस चढवून घेत होते आणि तो मघाचा तरुण ओशाळून खाली उभा होता.

जेवायला नाचणीची भाकरी, सुकट आणि फणसाची भाजी होती. शेजारच्या घरानं आम्हाला न्यायचा हट्ट धरला, पण तांब्या आपल्याकडे आहे म्हणत गौराक्कानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. ती कंडक्टर पोरगी आणि ड्रायव्हर आमच्याच पंगतीला होते. भाकरी मोडता मोडता मी गौराक्काला सगळं सांगितलं. वही, वरीस, नऊ लाख, आणि नसलेला रकाना.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मग बरोबर हाय की," ती म्हणाली. "मुक्कामाला पैसं कोण घेतंय?"

"जगात घेत्यात, आक्का."

"घेत्यात ते घिऊ देत. जे न्हाई घेत त्येंच्यात उतरा." मग थोडा विचार करून म्हणाली, "आमची रेश्मी मस्कतला हाय. दवाखान्यात नर्स. तिच्यात जावा पयल्यांदा. तिथनं म्होरलं ती सांगंल."

हे ताटावरचा हात थांबवून माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. आणखी भाजी मागून घेतली.

सकाळी निघताना मी गौराक्काला म्हटलं, "तांब्या तेवढा द्या आमाला. जगात फिरवून आणतो."

"छ्या," ती म्हणाली. "सांजच्याला गाडी याची हाय. त्येंनी काय वंजळीनं पाणी प्यायचं?"

सहाच्या गाडीत अर्धं गाव बसलं होतं, आजऱ्याच्या बाजाराला. बातमी आमच्या आधी गाडीत चढली होती. एकाचा भाचा मलेशियात हॉटेलात आचारी. एकीची नणंद लंडनजवळ कुठंतरी. फणसवाल्याचा मित्र जहाजावर, त्याला प्रत्येक बंदरात ओळखी. ह्यांनी खिशातून कालची दोन तिकिटं काढली आणि त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात नावं लिहायला लागले. जागा संपली तेव्हा कंडक्टर पोरीनं आपल्या जवळचा एक कोरा कागद दिला.

घाट उतरल्यावर मी विचारलं, "एवढं काय काय सांगत बसलासा वो माझं?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जेवणं झाली की लोक म्हणायचे, मास्तर, कायतरी सांगा. मला दुसरं काय येत हुतं?"

मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. भर गाडीत, साठीला टेकलेल्या बाईनं.

वैजू स्टँडवर उभी होती. तिनं आमची तोंडं बघितली आणि वही पुढे केली. मी फलाटावरच्या बाकावर बसले आणि ह्यांच्याकडून पेन घेतलं. शेवटचं पान आखून नवा रकाना केला आणि त्यावर मुक्काम असं लिहिलं. खाली अकरा नावं उतरवली. स्पेअरचे दोन लाख तिकडे वळवले. त्याखाली लिहिलं, शिवणकाम. घर कुठलंही असो, त्यात उसवलेलं काहीतरी असतंच.

"आई, ह्याला हिशोब म्हणत नाहीत," वैजू म्हणाली. "अकरा नावांत किती रात्री निघतील? शंभर? पुढे काय?"

"म्होरलं ती सांगत्याल. भर पैसे."

तिनं भरले.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो आणि पुढच्या दिवाळीला मागच्या अंगानं परत आलो. ह्याला आता सात वर्षं झाली. तीनशे पासष्टपैकी एकशे एकोणीस रात्रींचे पैसे मोजावे लागले, तेही अडीच हजारांच्या पुष्कळ आत. बाकीच्या रात्री माणसांच्यात. रेश्मीनं खरंच पुढचं सांगितलं, त्यांनी त्याच्या पुढचं. मी पडदे शिवले, उश्या शिवल्या, लिस्बनला एका पाद्र्याचा झगा आखूड करून दिला. घरी आलो तेव्हा ह्यांच्या बॅगेत अकरा हजार रुपये होते आणि ते वहीशी जुळत होते.

लोक विचारतात, काय काय बघितलं? मी मनोरे सांगते, समुद्र सांगते, बर्फ सांगते. पण माझ्या मनात आधी येते ती मेक्सिकोतल्या एका खेड्यातली संध्याकाळ. घरमालकीण माझ्याच वयाची होती, नाव एउलालिया. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची येत नव्हती. आम्ही दुपारीच तिथं पोचलो होतो. दिवस कलायला लागला तशी ती झाडू घेऊन आमच्या खोलीत आली. कपाटाच्या मागे, खिडकीच्या फटीत, छताच्या चारी कोपऱ्यांत झाडू फिरवला. मग माझ्याकडे वळून हात हलवला आणि हसून मान नकारार्थी हलवली. नाही म्हणाली. एकही नाही.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात हे तिच्या नवऱ्यासमोर मक्याच्या ढिगाऱ्यावर बसले होते. बोटं फाकवून दोन्ही हात भिंतीला चिकटवले होते, मान वर करून जीभ बाहेर काढली होती, आणि तो माणूस पोट धरून हसत होता.